तिसरा हात

गट्टूला ठेवायचं की बंद करायचं, एवढंच ठरवायला सगळे जमले होते, आणि सकाळपासून गट्टूचं नाव मात्र कोणी काढत नव्हतं. या घराची ही जुनी खोड. विषय जितका नाजूक, तितकं आधी पंख्याच्या आवाजावर बोलायचं, मग खिडकीच्या ढिल्या कडीवर, मग एकमेकांच्या गुडघ्यांवर. आज तर गुडघेही बोलून संपले होते.

आई कप मांडत होती, पण कान बाहेरच्या खोलीत होते. दादा आणि धाकटी एकाच सोफ्यावर बसले होते, मध्ये पाहुण्यांना आडवं करून. पाहुणे म्हणजे रबरी पुतळा, माणसाएवढा, तोंड अर्धवट उघडं. कामासाठी आणलेला, पण इतकी वर्षं घरात पडून होता की येता-जाता लोक त्याला "जरा सरका हो" म्हणत. सख्ख्या भावंडांनी मध्ये रबरी माणूस घालून बसावं, म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय हे आईला कोणी समजावून द्यायला नको होतं.

"यंत्रवाले कधी येणार?" दादाने विचारलं.

"येतीलच."

"मग ते यायच्या आत आपलं एक मत होऊ दे. त्यांच्यासमोर भांडण नको."

"भांडतंय कोण?" धाकटी म्हणाली, आणि तेही भांडणाच्याच सुरात.

या घराचा धंदा म्हणजे कागद. यंत्राच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, लोक उघडून बाजूला टाकतात तो कागद. यंत्र बनवणाऱ्यांनी यंत्र बनवायचं आणि ते चालवायचं कसं, हे आप्पांनी साध्या शब्दांत लिहायचं, असं सुरू झालं. शिलाई मशीन, पाण्याचे पंप, वजनकाटे, काय वाटेल ते. आप्पांच्या हाताखाली त्यांची सून, म्हणजे आई, तयार झाली. नवरा गेल्यावर तिने त्याच कागदांवर दोन मुलं मोठी केली. आणि आईच्या हाताखाली धाकटी. फरक इतकाच, की धाकटीने स्वतः लिहायच्या ऐवजी लिहिणारं यंत्र बनवलं. घरातले सगळे जुने कागद त्याला वाचायला दिले, दोन मुली हाताशी घेतल्या, कंपनी काढली आणि त्या यंत्राचं नाव ठेवलं गट्टू. गट्टू पहिलं वाक्य धड लिहायला शिकला तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात येऊन आईच्या गळ्यात पडून रडली होती. हे दादाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो आज जरा जपून बोलला असता.

"हे बघ," दादा म्हणाला, "तू काय केलंस ते मी कमी लेखत नाही. पण तो मोठा आलाय ना आता, त्या बड्या कंपनीचं मॉडेल. गट्टूला वर्षभर घासून जे येतं, ते तो बसल्या बसल्या करतो. आणि चार-सहा महिने गेले की पुन्हा नवा होऊन येतो. तू पळतेस, तो चालतो, तरी पुढे तोच."

"मग गट्टूच्या आत त्यालाच बसवू. बाकीच्या कंपन्या तेच करतायत."

"आणि मग आपण काय उरलो? अभ्रा! उशी त्यांची, आपण वरचा अभ्रा. लोक अभ्र्याचे पैसे किती दिवस देतील? अजून कोणीतरी कंपनी विकत घ्यायला तयार आहे, तोवर ती देऊन गट्टूतून मोकळी हो. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझ्या भल्यासाठी सांगणारी माणसं हल्ली फार झालीत."

दादाची बायको, घरात आलेली नवी सून, दारात उभी होती. पोहायला शिकवायचं तिचं काम. पाण्यात घाबरलेल्या माणसांशी बोलून बोलून तिचा आवाज शांत झाला होता. तिने नवऱ्याकडे डोळे वटारले आणि दादा गप्प झाला. आईने ते पाहिलं. सून आपल्या बाजूची की लेकाच्या, हे लग्न झाल्यापासून तिला उमगत नव्हतं. आज ती निदान धाकटीच्या बाजूची निघाली, आणि आईला एकदम बरं वाटलं.

आप्पांचं या सगळ्याकडे लक्षच नव्हतं. ते खिडकीपाशी मांडीवर टॅबलेट घेऊन बसले होते आणि पहाटेपासून त्या मोठ्या मॉडेलशी गप्पा मारत होते. सगळ्यांना वाटलं होतं म्हातारा खचेल, निदान चिडेल तरी. कसलं काय! आप्पांनी पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं की पाण्याच्या पंपात हवा अडकते ती कशी काढायची, ते ज्याने आयुष्यात पंप पाहिला नाही त्याला सांग. उत्तर वाचून आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. त्या एका परिच्छेदासाठी त्यांनी तरुणपणी आठ-दहा दिवस घालवले होते. त्या दिवसापासून ते त्याला 'हा गृहस्थ' म्हणू लागले आणि मग घरात सगळ्यांनीच तेच नाव उचललं.

"काय गृहस्थ आहे हो!" ते आत्ताही कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "काय समज आहे! अगं, मी त्याला म्हटलं, तू नियम दिलेस, कारण नाही दिलंस. तर म्हणतो, बरोबर आहे, कारण कळलं की माणूस नियम विसरत नाही. हेच मी तुझ्या सासूला सांगायचो."

"आप्पा, तो आपलं दुकान बंद करायला निघालाय," आई म्हणाली.

"असेल. पण लिहितो कसा, ते बघ ना!"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

यंत्रवाले साहेब हे धाकटीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते असले तर कंपनी, नाहीतर नुसती पाटी. घरी रुग्णाला लावायचं श्वासाचं यंत्र त्यांच्या कारखान्यात तयार व्हायचं, आणि त्याचा कागद धाकटीने आणि गट्टूने लिहिलेला. कितीतरी घरांत तो पोचला होता. माणूस सज्जन. वाईट बातमी फोनवर देणं बरं नाही म्हणून स्वतः आले होते, आणि येताना यंत्रही घेऊन आले होते. बसले, पाणी प्यायले आणि लगेच खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मॅडम, मी लपवाछपवी करत नाही. काल मी त्या मोठ्याला आमच्या यंत्राची सगळी माहिती दिली आणि म्हटलं, दर आठवड्याला नळी बदलायचा कागद लिहून दे. हातातली कॉफी निवायच्या आत दिला. मला तर तुमच्यापेक्षा बरा वाटतो. तुम्हीच बघा."

धाकटीने वाचला. कागद चांगला नव्हता असं तिला फार म्हणावंसं वाटत होतं. पण खोटं कसं बोलणार? कागद सुरेख होता. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. आणि, खरं सांगायचं तर, कोणीतरी अवघड गाणं सहज गाऊन जावं तसं तिला वाटलं. तिने कागद आईकडे दिला. आईने वाचला आणि आप्पांकडे दिला.

"बैठक घ्या," आप्पा म्हणाले. "वाचून काय कळतंय? मुकी बैठक घ्या."

मुकी बैठक ही या घराची रीत. कागद लिहून झाला, की ज्याने ते यंत्र कधी पाहिलं नाही अशा माणसाला यंत्रासमोर बसवायचं आणि कागदाप्रमाणे करायला सांगायचं. लिहिणाऱ्याने शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. खोकायचं नाही, मान हलवायची नाही, अगदी माणूस चुकीचं बटण दाबायला निघाला तरी मूग गिळून बसायचं. माणूस जिथे अडला तिथे कागद चुकला, माणूस नव्हे. आणि घरात नवीन आलेली सून किंवा जावई असला, तर पहिलं वर्ष बसायचा मान त्याचा, कारण त्याला घरातलं काहीच माहीत नसतं. दादा लग्न ठरवताना हे सांगायला विसरला होता. सुनेला ते लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं, समोर फळांचा रस काढायचं यंत्र आल्यावर.

पाहुण्यांना सोफ्यावर नीट निजवलं. तोंडावर मुखवटा, मुखवट्याला नळी, नळी यंत्राला. काम असं की मुखवट्याचा पट्टा सैल करायचा, तळव्याने मुखवटा चेहऱ्यावर दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने जुनी नळी फिरवून काढायची आणि नवी टक् असा आवाज येईपर्यंत बसवायची. मध्ये फार वेळ लागला तर यंत्र भोंगा वाजवणार.

आधी गट्टूचा कागद. सून पाहुण्यांपाशी गुडघ्यांवर बसली. आई नेहमीप्रमाणे तिच्या शेजारी कागद धरून उभी राहिली. सुनेने वाचलं, केलं. एका जागी क्षणभर थांबली, ओळ पुन्हा वाचली, मग नळी बसवली. टक्.

मग गृहस्थांचा कागद. आईने तोही तसाच धरला. आणि सून कुठेही अडली नाही. पाण्यात उतरल्यासारखे तिचे हात एकामागून एक चालले. भोंगा वाजायची वेळच आली नाही. टक्.

एवढ्या वर्षांत पहिल्या बैठकीत एकदाही न अडता पार झालेला कागद या घराने पाहिला नव्हता. आप्पांचा सुद्धा नाही, आईचा नाही, गट्टूचा तर नाहीच नाही. दादा एवढा वेळ हेच म्हणत होता, पण ते डोळ्यांनी बघितल्यावर तोही पांढरा पडला. आपलं खरं ठरलं याचा त्याला काडीचा आनंद झाला नाही. बहिणीकडे बघायचा त्याला धीर होईना.

"मी म्हटलं होतं ना?" यंत्रवाले हलकेच म्हणाले. "तुमचं काम चांगलंच होतं मॅडम. पण हे... हे काहीतरी वेगळंच आहे. मी तुमचा फार वेळ घेत नाही." ते उठायला लागले.

"बसा," आप्पा म्हणाले.

"अहो आप्पा, जाऊ दे ना त्यांना," दादा म्हणाला.

"बैठक संपलेली नाही. बैठक झाली की लिहिणाऱ्याला सगळं सांगायचं असतं. काय पाहिलं ते, जसंच्या तसं. या वेळी लिहिणारे दोघं आहेत. दोघांनाही सांगा."

"त्याला काय सांगायचं? तो पास झाला," धाकटी म्हणाली.

"पास झालेल्याला सांगायचं नाही असा नियम कधी केला मी?"

धाकटीला या क्षणी नियमबियम काही नको होतं. आत जाऊन दार लावून घ्यावं असं वाटत होतं. पण आप्पांपुढे या घरात कोणाचं चाललंय? तिने लॅपटॉप ओढला. आधी गट्टूला सांगितलं. त्याने आभार मानले, जिथे सून थांबली होती ते वाक्य दोन शब्दांनी लहान करून दिलं आणि तो विषय त्याच्यापुरता संपला.

मग गृहस्थांना. तिने लिहायला सुरुवात केली आणि सवयीने, तिच्याही नकळत, सगळं लिहिलं. बसणारी कोण, किती जवळ बसली, कुठल्या हाताने काय धरलं, नजर कुठे गेली. डावा तळवा मुखवट्यावर, उजवा हात नळीवर, प्रत्येक ओळ वाचून मग कृती, एकदाही मागे वळून वाचावं लागलं नाही. कागदात सुधारणा सुचत नाही, असंही शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं.

उत्तर आलं ते आप्पांनी मोठ्याने वाचायला लावलं.

"तुम्ही इतकं बारकाईने पाहिलंत, त्यामुळे एक शंका येते," धाकटी वाचू लागली. "त्यांचा डावा हात मुखवट्यावर होता आणि उजवा नळीवर. तरीही त्या प्रत्येक ओळ वाचत होत्या. मग कागद कोणी धरला होता?"

तिने पुन्हा वाचलं. मग तिने मान वर केली आणि आईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आई अजून तिथेच उभी होती, कागद दोन्ही हातांत, वाचणाऱ्याला नीट दिसेल असा तिरका धरून.

"अगंबाई," आई म्हणाली.

"पुढे आहे अजून," धाकटी म्हणाली. "घरी रुग्णाजवळ कोणी एकटं असेल, तर हे काम करताना कागद खाली ठेवावा लागेल. माझा कागद त्यांच्यासाठी लिहिलेला नाही. तो तिघांसाठी लिहिलाय: रुग्ण, नळी बदलणारा आणि कागद धरणारा. मला खोली दिसत नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर मला हे कळलं नसतं."

आप्पांनी हळूच टाळी वाजवली. एकदाच. आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसायलाही लागले, दोन्ही एकदम.

"काय विचारलंन! काय विचारलंन! अगं, आपण सगळे उभे होतो ना इथे? डोळे होते ना आपल्याला? वाक्यं तासत बसलो जन्मभर. माणूस कुठे थांबला, कुठे चुकला, एवढंच बघत बसलो. आणि जो शेजारी कागद धरून उभा आहे तो कोणाला दिसला नाही. या गृहस्थाला डोळेसुद्धा नाहीत, आणि त्याला दिसला!"

"पण ही धरायची रीत आली कुठून?" सुनेने विचारलं. तिलाच ते विचारणं शक्य होतं. बाकीच्यांना ती रीत आहे हेच आज कळत होतं.

"मी आणली," आप्पा म्हणाले. "पहिल्या बैठकीला माझी बायको बसली होती. शिलाई मशीन होतं. आमचं नवंनवं लग्न. मला तिच्या जवळ उभं राहायचं होतं, बाकी काही नाही. काहीतरी निमित्त हवं, म्हणून कागद धरला."

सून फिस्सकन हसली. मग आईही. पण धाकटी हसत नव्हती.

"आई," ती म्हणाली. "बाजूला हो. वहिनी, पुन्हा. या वेळी एकटी."

आई भिंतीशी जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. सुनेने पट्टा सैल केला, तळवा मुखवट्यावर दाबला आणि कागद यंत्रावर ठेवला. पंख्याने तो उडवला. तिने तो गुडघ्याखाली दाबला, तर ओळी उलट्या दिसायला लागल्या. नळी निघाली. पुढची ओळ कुठली? ती वाकली, वाकताना तळवा सरकला, मुखवटा पाहुण्यांच्या गालावर आला आणि भोंगा वाजायला लागला. असा भोंगा, की शेजारच्या घरातली खिडकी उघडली. कोणी मदतीला हललं नाही. मुकी बैठक म्हणजे मुकी बैठक. सुनेने कशीबशी नळी बसवली तेव्हा कुठे भोंगा थांबला.

"मी बसतो," यंत्रवाले म्हणाले. त्यांनी कोट काढला. यंत्र त्यांचं, कारखाना त्यांचा, त्यातला प्रत्येक स्क्रू त्यांच्या ओळखीचा. पण त्यांनी प्रामाणिकपणे कागदाप्रमाणेच करायचं ठरवलं, आणि त्यांचाही भोंगा वाजला. ते तसेच पाहुण्यांच्या छातीवर हात ठेवून बसून राहिले.

"मॅडम, आत्ता किती घरांत तुमचा कागद आहे?"

"तुम्ही जितकी यंत्रं विकलीत तितक्या."

"आणि त्यातली किती माणसं एकटी असतील?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. "आपण कोणी कधी विचारलंच नाही."

यंत्रवाल्यांनी फोन काढला आणि तिथेच, पाहुण्यांशेजारी बसल्या बसल्या, कारखान्यात फोन लावला. कोणकोण घरी एकटं आहे ते आजपासून एकेकाला फोन करून विचारा, म्हणाले. नळी बदलायला आपली नर्स पाठवा, नवा कागद होईपर्यंत कोणालाही एकट्याने करू देऊ नका. बोलताना त्यांचा आवाज एकदम कारखान्याच्या मालकाचा झाला.

तोवर धाकटी आणि गृहस्थ कामाला लागले होते. आई सांगत होती, धाकटी लिहीत होती, तो विचारत होता. उडाला तेव्हा पंखा चालू होता का? कागद खाली ठेवायला हाताशी सपाट जागा होती का? मुखवटा सरकला तेव्हा त्या कुठे बघत होत्या? त्याचा एकेक प्रश्न ऐकून आईच्या अंगावर काटा येत होता, कारण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं आणि तो प्रश्न मात्र तिला कधी पडला नव्हता. शेवटी ठरलं ते असं: कागदावर आधी फक्त तीन ओळी, मोठ्याने वाचायच्या. मग 'आता कागद खाली ठेवा' असं स्पष्ट लिहायचं. आणि पुढची सूचना कागदावर नकोच. ती नव्या नळीच्या टोकाशी चिकटवायची, जिथे त्या वेळी डोळे असतात.

दादा हे सगळं बघत होता. पैशाचे हिशेब करणारी माणसं त्याने खूप पाहिली होती, पण आपली बहीण अशी काम करते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"ऐक," तो म्हणाला. "मी ते अभ्र्याचं म्हणालो ना, ते मागे घेतो. साहेबांनी त्याला यंत्राची सगळी माहिती दिली होती. तरी तो चुकला. कारण हात कोणी सांगितलेच नव्हते."

"मला कुठे माहीत होते?" यंत्रवाले म्हणाले. "ते कळायला माणसाला जवळ बसावं लागतं. एकेका घरात. कराल तुम्ही?"

"लिहायचं काम तो करेल," धाकटी म्हणाली. "आम्ही बसू. रबरी माणसाजवळ नाही, खऱ्या घरांत. जे दिसेल ते त्याला सांगू, तो लिहील, आम्ही पुन्हा बसू. तो उद्या आणखी हुशार होऊन आला तर आमचं काम आणखी चांगलं होईल. त्याला घाबरायचं कारण राहत नाही."

"आणि गट्टू?" आईने विचारलं. शेवटी तो विषय तिनेच काढला.

"गट्टू बंद."

"थांब गं," दादा घाईघाईने म्हणाला. सकाळी तो ज्यासाठी आला होता ते झालं होतं, आणि आता त्यालाच ते बघवेना. "बंद कशाला? राहू दे कोपऱ्यात. खातोय काय बिचारा?"

"खातो दादा. भरपूर खातो. त्याला पोसत बसले तर बसायला माणसं ठेवता येणार नाहीत. दोन्ही मुलींना मला घराघरांत पाठवायचंय." ती लॅपटॉपकडे वळली. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही. "मी त्याला शिकवलं तेव्हा मला वाटायचं, लिहिणं हेच आपलं काम. तेवढ्यापुरता तो फार गुणी होता."

तिने त्याला बंद केलं. आई तिच्यामागे येऊन उभी राहिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच आठवड्यात धाकटी पहिल्या घरी बसायला गेली. तिसऱ्या मजल्यावरची लहानशी खोली, पलंग, पलंगाशेजारी यंत्र. पलंगावर वयस्क रुग्ण, मुखवट्यामागे. त्यांच्याजवळ त्यांची बायको. दारापाशी यंत्रवाल्यांची नर्स, काही झालंच तर धावायला. धाकटीने नवा कागद दिला, खुर्ची ओढली आणि हात मांडीखाली घेऊन बसली. आता बोलायचं नाही.

बाईंनी तीन ओळी मोठ्याने वाचल्या. कागद खाली ठेवला. नव्या नळीच्या टोकाशी लावलेली चिठ्ठी वाचली. पट्टा सैल केला, तळवा मुखवट्यावर ठेवला आणि थांबल्या.

धाकटीचा जीव वरखाली झाला. काय चुकलं? चिठ्ठी लहान पडली का? अक्षर दिसत नाही का? नर्सने एक पाऊल पुढे टाकलं.

बाईंनी नवऱ्याचा अंथरुणावर पडलेला हात उचलला आणि तो त्यांच्याच मुखवट्यावर ठेवला. "धरा हो जरा," त्या म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी, सावकाश, त्यांनी जुनी नळी काढली आणि नवी बसवली. टक्. भोंगा वाजला नाही.

धाकटी बघत राहिली. आप्पांना हे सुचलं नव्हतं, आईला नाही, तिला नाही, त्या अचाट गृहस्थालाही नाही. सगळ्यांनी मिळून त्या माणसाला निजवून ठेवलं होतं. त्याला हात आहेत हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं.

"झालं का बरोबर?" बाईंनी विचारलं. "इतके दिवस शेजारणीला हाक मारायचे, कागद धरायला. ती नसली की नळी तशीच राहायची. मला वाटायचं, मीच मठ्ठ."

"नाही हो," धाकटी म्हणाली. बैठक संपली होती, बोलायला हरकत नव्हती. "नाही. तुम्ही आम्हाला शिकवलंत."

बाई पट्टा लावायला वाकल्या. "सोडा आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "झालं काम. जमलं की तुम्हाला."

पट्टा घट्ट बसला. तरी नवऱ्याने हात काढला नाही.